मोठा रॉक बँड पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकायला जाताना: तिकिटाच्या आधीपासून परतीच्या लोकलपर्यंत

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये यू टू हा बँड वाजला, जानेवारी २०२५ मध्ये तिथेच कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, आणि मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस आले. अशा प्रत्येक कार्यक्रमानंतर पहिल्यांदाच गेलेल्या मंडळींकडून त्याच त्या तक्रारी ऐकायला मिळतात. सुरुवातीची गाणी रांगेत गेली, आवाज नुसता घुमत होता, पुढच्यांच्या मोबाईलपलीकडे काही दिसले नाही, घरी पोचायला पहाट झाली. वीस-वीस वर्षे ज्या बँडची वाट पाहिली, त्याच्या दोन तासांतला निम्मा वेळ असा वाया गेलेला पाहून वाईट वाटते, कारण यातले बहुतेक नुकसान केवळ कामांचा क्रम चुकल्यामुळे होते. ज्या गोष्टींसाठी डोके चालवावे लागते, त्या सगळ्या गेटच्या बाहेर उरकलेल्या असल्या पाहिजेत, म्हणजे आत गेल्यावर फक्त ऐकणे उरते. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि ते मागेपुढे न करता पाळावेत.

टप्पा १: तिकीट काढण्याआधी जागा ठरवा

सर्वांत मोठी चूक इथेच होते. विक्री सुरू झाल्यावर लोक जागांचा नकाशा पहिल्यांदा उघडतात आणि परवडेल तेवढे मंचाच्या जवळचे तिकीट घेतात. जवळची जागा म्हणजे चांगली जागा, हे गृहीतक रॉक कॉन्सर्टच्या बाबतीत बऱ्याचदा चुकीचे ठरते.

खुल्या मैदानावरच्या कार्यक्रमात मंचासमोर, साधारणपणे मैदानाच्या मधल्या भागात, एक उंचवट्यावरचा बंदिस्त मांडव असतो. मुख्य मिक्सर, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणारे यंत्र, तिथे ठेवलेला असतो आणि ध्वनिसंयोजक तिथेच बसून गायकाचा गळा, गिटारी आणि ड्रम यांचा समतोल साधत असतो. त्याच्या कानाला जे बरोबर वाटते तेच सगळ्या मैदानाला मिळते, म्हणून त्या मांडवाच्या आसपास, शक्यतो थोडेसे मागे उभे राहणाऱ्याला सर्वांत नीट ऐकू येते. अगदी पुढे उभे राहिले तर मंचाच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या मुख्य स्पीकरांचा झोत बराचसा डोक्यावरून जातो, खाली ठेवलेल्या बेसच्या स्पीकरांचे हादरे छातीत बसतात आणि गाण्याचे शब्द त्यात बुडतात. त्या हादऱ्यांतही एक मजा आहे आणि वादकांचे चेहरे डोळ्यांनी दिसणे ही मोठीच गोष्ट आहे, हे मी नाकारत नाही. परंतु आपण काय देऊन काय घेतो आहोत ते तिकीट काढण्याआधी माहीत असावे.

गॅलरीतल्या खुर्च्यांचे गणित वेगळे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे मंचापासून १०० मीटरवर बसलेल्या माणसाला ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका साधारण ०.३ सेकंदाने ऐकू येतो. मैदानात मध्ये उभारलेल्या मनोऱ्यांवरचे स्पीकर मुद्दाम तेवढाच उशीर ठेवून वाजवतात, म्हणजे लांबच्या लोकांना दोन आवाज ऐकू येत नाहीत. तरीही छताखालच्या शेवटच्या रांगांत आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यामुळे छताखाली खोलवर बसण्यापेक्षा पुढच्या, उघड्या रांगा निवडाव्यात. मंचाला फार तिरपे पडणारे कोपरेही टाळावेत.

पहिल्यांदाच जाणाऱ्या, तीन-चार तास उभे राहू शकणाऱ्या माणसाला मी मिक्सरजवळची उभी जागा सुचवेन. गुडघ्यांचा त्रास असेल, बरोबर आई-वडील किंवा मूल असेल, किंवा उंची पाच फुटांच्या आत असेल, तर खुर्चीचेच तिकीट घ्यावे. उंचीचा मुद्दा अनेकांना आत गेल्यावरच आठवतो.

*तपासणी: नकाशाचे चित्र मोबाईलमध्ये साठवले का? पहिली, दुसरी आणि तिसरी पसंती किमतीसह कागदावर लिहिली का? वयाची अट वाचली का?*

टप्पा २: विक्रीचा दिवस

कोल्डप्लेच्या तिकिटांची विक्री २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी १२ वाजता सुरू झाली, तेव्हा एक कोटीहून अधिक लोक एकाच वेळी संकेतस्थळावर आले होते आणि अनेकांना लाखांच्या घरातला रांगेचा क्रमांक मिळाला होता. अशा गर्दीत वेगापेक्षा आदल्या दिवशीची तयारी जास्त उपयोगी पडते.

आदल्या दिवशी खाते उघडून, त्यात नाव ओळखपत्रावर आहे तसेच भरून, पत्ता आणि पिनकोड तपासून ठेवावा. पैसे भरण्याचे किमान दोन मार्ग तयार असावेत. यूपीआयने साधारणतः दिवसाला १ लाख रुपयांपर्यंतच व्यवहार होतो, आणि फोन बदलून यूपीआय नव्याने सुरू केले असेल तर बहुतेक बँका पहिले २४ तास ५,००० रुपयांपलीकडे जाऊ देत नाहीत. नवा फोन घेऊन थाटात बसलेल्या माझ्या एका मित्राची तिकिटे अगदी शेवटच्या पायरीवर याच कारणाने गेली. कार्डावर ऑनलाइन खर्चाची मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये आधीच वाढवून घ्यावी.

विक्रीच्या दिवशी वेळेच्या आधी प्रतीक्षेच्या पानावर पोचणे आवश्यक असते. मात्र बऱ्याच संकेतस्थळांवर विक्री उघडताच प्रतीक्षेतल्या सगळ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्रमांक दिले जातात, त्यामुळे सकाळपासून बसलेल्याला वेगळा लाभ होत नाही. एकदा क्रमांक मिळाला की पान पुन्हा लोड करू नये, तेच खाते दुसऱ्या फोनवर उघडू नये आणि फोनचा पडदा बंद होऊ देऊ नये. निवडीचे पान उघडल्यावर काही मिनिटांचाच अवधी असतो. तेव्हा घरच्यांना फोन लावून विचारत बसलात तर जागा जातात. कागदावर लिहिलेल्या तीन पसंती त्यासाठीच आहेत. कर आणि सुविधा शुल्क धरून अंतिम रक्कम दर्शनी किमतीपेक्षा बरीच वाढते, हेही हिशेबात असावे.

खबरदारी: तिकीट मिळाले नाही तर त्याच संध्याकाळी दुप्पट-चौपट किमतीला पुनर्विक्रीचे तिकीट घेऊ नका. कोल्डप्लेच्या वेळी विक्री सुरू असतानाच २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला होता. क्यूआर कोडचे छायाचित्र एकाच वेळी दहा जणांना विकता येते आणि गेटवर जो पहिला पोचतो त्यालाच आत सोडतात. बाकीच्या नऊ जणांकडे फक्त छायाचित्र उरते.

टप्पा ३: गाणी ऐकून जा

प्रत्यक्ष कार्यक्रमात गाणे ओळखायला लागणारा वेळ हा ऐकण्यातून वजा होणारा वेळ असतो. मोठे बँड एका दौऱ्यात बहुतांशी ठरलेला क्रम वाजवतात आणि आदल्या शहरांतल्या याद्या सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. शेवटच्या चार-पाच कार्यक्रमांच्या याद्या घेऊन त्यांत सगळीकडे असलेली गाणी काढावीत आणि निदान तीन आठवडे आधीपासून ती त्याच क्रमाने ऐकावीत. याला अपवादही असतात. मेटॅलिका या बँडने आपल्या एम ७२ दौऱ्यात अनेक शहरांत दोन-दोन रात्री वाजवले आणि दोन्ही रात्रींची गाणी वेगळी ठेवली. अशा वेळी आपले तिकीट कोणत्या रात्रीचे आहे याने फार फरक पडतो.

स्टुडिओतली ध्वनिमुद्रणे ऐकून झाल्यावर त्याच गाण्यांची मंचावरची ध्वनिमुद्रणे जरूर ऐकावीत. पट्टी खाली आणलेली असते, मध्ये गिटारची लांब आलापी येते, गायक एखादी ओळ मुद्दाम सोडून देतो आणि ती प्रेक्षकांनी म्हणायची असते. ही ओळ ठाऊक असणे हीच अर्धी तयारी होय. यादी आधी पाहिली तर अचंबा उरत नाही असे काहींचे म्हणणे असते. माझा अनुभव उलट आहे: पुढचे गाणे कोणते हे ठाऊक असताना पहिला सूर निघण्याआधीच्या त्या काळोखात हात थरथरू लागतात.

टप्पा ४: कानांची व्यवस्था

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा एक प्रचलित दंडक असा आहे की ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास सहन होतो आणि पुढे दर ३ डेसिबलला हा अवधी निम्मा होत जातो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला अवधी उरतो १५ मिनिटांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सुचवलेली कमाल सरासरी मर्यादाही १०० डेसिबलच आहे, आणि रॉक कॉन्सर्ट दोन तासांहून जास्त चालते. पुढच्या रांगांत आवाज याहूनही वर जातो.

उपाय अगदी स्वस्त आहे. औषधांच्या दुकानात मिळणारी, कानात घालायची फोमची बोंडे (इअरप्लग) चालतात. थोडे अधिक पैसे असतील तर वादक वापरतात ती फिल्टरची बोंडे घ्यावीत, त्यांतून सगळे स्वर समान प्रमाणात कमी होतात आणि गाणे गढूळ होत नाही. कापसाचा बोळा अजिबात पुरेसा नाही.

फोमचे बोंड घालण्याची रीत अशी:

१. हात स्वच्छ धुऊन बोंड बोटांच्या चिमटीत फिरवत, सुरकुती न पडू देता, शक्य तितके बारीक करावे.
२. विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, म्हणजे कानाची नळी सरळ होते.
३. बोंड आत सारून ते फुगेपर्यंत, अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावे.

मी पहिल्यांदा ही दुसरी पायरी गाळली होती. बोंड अर्धे बाहेर राहिले, तिसऱ्या गाण्याला उडी मारताच गळून पडले आणि अंधारात पायांखाली गेले. रात्रभर उजव्या कानात शिट्टी वाजत होती. नीट बसल्याची खूण सोपी आहे: बोलताना आपलाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायला हवा. घरी दोन-तीनदा सराव करून पाहावा आणि जास्तीची एक जोडी खिशात ठेवावी. लहान मुलांना बोंडे न देता डोक्यावरून येणारी कर्णरक्षके द्यावीत.

*तपासणी: बोंडे पहिल्या गाण्याच्या आधी घालायची आहेत, कान बधिर झाल्यावर घालून उपयोग नाही.*

टप्पा ५: जाण्यायेण्याचा आराखडा

खुल्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावण्यावर कायद्याने बंदी आहे आणि १२ पर्यंतची सवलत वर्षातून मोजक्याच दिवशी मिळते. म्हणून आपल्याकडची कॉन्सर्ट बहुधा १० च्या सुमारास संपते, अर्थात मुख्य बँड संध्याकाळी साडेसात-आठलाच मंचावर येतो. ‘असे कार्यक्रम उशिराच सुरू होतात’ या समजुतीवर साडेआठला पोचणाऱ्यांची सुरुवातीची गाणी हमखास बुडतात.

परतीचा प्रवास आधी ठरवावा आणि मग जाण्याचा. डी. वाय. पाटील स्टेडियमसाठी नेरूळ आणि जुईनगर ही दोन्ही स्थानके चालून जाण्याजोगी आहेत आणि ठाण्याकडच्यांना ट्रान्स-हार्बरची गाडी थेट मिळते. रेसकोर्ससाठी पश्चिम रेल्वेचे महालक्ष्मी स्थानक आहे. भुयारी मेट्रोनेही जाता येते, मात्र मेट्रोची शेवटची गाडी लोकलच्या आधी सुटते. एम-इंडिकेटर या ॲपवर परतीच्या शेवटच्या तीन गाड्यांच्या वेळा पाहून लिहून ठेवाव्यात आणि परतीचे तिकीट जातानाच काढावे. कार्यक्रम रविवारी असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याचा काळ) हार्बर मार्गावर कोणत्या वेळेत आहे ते शनिवारीच पाहावे. ब्लॉक दिवसा असतो आणि तुमची जाण्याची वेळ दुपारचीच असते.

पुण्याहून येणाऱ्यांनी त्याच रात्री परतण्याचा हट्ट धरू नये. चार तास उभे राहून झाल्यावर मध्यरात्री द्रुतगती मार्गावर गाडी चालवणे धोक्याचे आहे. नवी मुंबईतली एखादी स्वस्त खोली किंवा नातेवाइकांचे घर तिकीट मिळाल्याच्या दिवशीच ठरवावे.

खबरदारी: खासगी गाडी स्टेडियमच्या दारात नेण्याचा बेत करू नका. अशा दिवशी वाहतूक पोलीस आसपासचे रस्ते बंद ठेवतात, आणि कार्यक्रम सुटल्यावर ॲपवरच्या टॅक्सीचे भाडे व प्रतीक्षा दोन्ही वाढतात.

टप्पा ६: कपडे, पिशवी, पोट

रुळलेले, सवयीचे, पुढून बंद असलेले बूट आणि सुती कपडे पुरेत. नवे बूट त्या दिवशी घालू नयेत. पिशवी शक्यतो नेऊच नये. आयोजकांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत पाण्याची बाटली, अत्तर, लायटर, मोठी पिशवी, काढता येणाऱ्या लेन्सचा कॅमेरा आणि बऱ्याचदा पॉवर बँकही असते, आणि गेटवर काढून घेतलेली वस्तू परत मिळेल याची खात्री नसते. मूळ ओळखपत्र, तिकीट, बोंडे, थोडी रोकड, रोजची औषधे व त्यांची चिठ्ठी एवढेच सोबत असावे. मे महिन्यातला कार्यक्रम असेल तर दुपारपासून थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि निघण्याआधी पोटभर पण साधे जेवावे. आतले खाणे महाग असते आणि त्याची रांग लांब असते.

कधी कधी तिकिटाऐवजी मनगटी पट्टा मिळतो आणि तो आधीच्या दिवसांत ठरलेल्या ठिकाणाहून न्यावा लागतो. एकदा घातलेला पट्टा सैल करून काढला तर तो बाद ठरतो, म्हणून कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत तो घालू नये.

टप्पा ७: गेटपासून जागेपर्यंत

१. दरवाजे उघडण्याच्या वेळेनंतर तासाभरात पोचावे. अगदी पुढचा कठडा हवा असेल तरच दुपारपासून रांग धरावी.
२. तिकिटावरचा गेट क्रमांक वाचून त्याच बाजूने चालत जावे. दिसेल त्या रांगेत उभे राहू नये. चुकीच्या गेटवरून परत पाठवले की स्टेडियमला वळसा घालावा लागतो.
३. तिकीट मोबाईलमध्ये आधीच साठवलेले असावे, कारण हजारो फोन एकत्र आले की इंटरनेट चालत नाही. काही ॲपमध्ये कोड ऐनवेळी बदलतो, तिथे घरून निघतानाच लॉगिन करून ठेवावे.
४. आत जाताच आधी बाहेर पडण्याच्या वाटा, प्रथमोपचाराची जागा आणि पाण्याची सोय पाहावी.
५. चुकामूक झाली तर भेटण्याची जागा सोबत्यांबरोबर ठरवावी. ‘मंचाच्या डावीकडे’ ही जागा नव्हे. ‘मिक्सरच्या मांडवामागचा दुसरा खांब’ ही जागा आहे. नेट बंद असताना साधा एसएमएस बऱ्याचदा जातो.
६. स्वच्छतागृहात जाऊन यावे आणि मगच जागा धरावी. गन्स एन रोझेससारखा बँड अडीच-तीन तास वाजवत राहतो.

*तपासणी: आधी वाजणारा पाहुणा बँड सुरू झाला की आवाज कुठे स्पष्ट येतो ते दहा पावले इकडेतिकडे सरकून पाहा. मुख्य बँड आल्यावर हलायला वाव राहत नाही.*

टप्पा ८: कार्यक्रम चालू असताना

दिवे मालवले की पुढे रेटा येतो. डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० रोजी पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना अशाच रेट्यात नऊ जण मृत्युमुखी पडले. मागच्यांना पुढे काय चालले आहे हे दिसत नाही, हे अशा अपघातांचे मूळ असते. म्हणून दोन्ही बाजूंना खांदे टेकू लागले आणि हात वर उचलता येईनासे झाले, की आवडते गाणे चालू असले तरी तिथून निघावे. गर्दीच्या विरुद्ध ढकलत जाऊ नये. दोन्ही हात छातीसमोर दुमडून श्वासाला जागा ठेवावी आणि लाट ओसरली की तिरपे, कडेकडे सरकावे. फोन किंवा बूट पडला तर वाकू नये. शेजारचा माणूस पडला तर ताबडतोब उचलावे आणि आसपासच्यांना ओरडून थांबवावे.

फोनबद्दल माझा सल्ला ठाम आहे. कोणत्या एका गाण्याचे चित्रण करायचे ते घरीच ठरवावे, ते छातीच्या उंचीवर फोन धरून करावे आणि नंतर फोन खिशात ठेवावा. पुढे एखादा मूठ घट्ट आवळून ओळ न् ओळ म्हणत असतो, ड्रमर काठी हवेत उडवून झेलतो, बेसवाला मंचाच्या कडेला येऊन कुणाकडे तरी पाहून हसतो. हे फोनच्या पडद्यावर येत नाही. सोडून दिलेली ओळ आली की मोठ्याने म्हणावे. सूर लागण्याची काळजी करू नये, कारण तिथे कोणीच एकटा ऐकू येत नाही.

टप्पा ९: परतताना

शेवटच्या गाण्याआधी पळण्याचा मोह होतो, पण बँड बहुधा सर्वांत लाडके गाणे शेवटासाठी राखून ठेवतो. तुमच्या यादीत ते शेवटचे असेल तर थांबा. संपल्यावर लगेच दाराकडे न धावता दहा-पंधरा मिनिटे जागेवरच थांबावे, पाणी प्यावे, सोबती गोळा करावेत आणि मग लिहून ठेवलेल्या गाडीच्या हिशेबाने निघावे. पहिली गाडी खच्चून भरलेली असते. तीन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवल्या आहेत त्या याचसाठी.

बोंडे स्थानकापर्यंत काढू नयेत, बाहेरचा कर्णकर्कश गोंगाटही कमी नसतो. घरी आल्यावर कानात बारीक शिट्टी ऐकू येत असेल तर पुढचे दोन दिवस हेडफोन लावू नयेत. दोन दिवसांनंतरही ती थांबली नाही, किंवा एका कानाने कमी ऐकू येऊ लागले, तर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. अचानक कमी झालेल्या श्रवणावर पहिल्या काही दिवसांतच उपचार सुरू व्हावे लागतात.